वीतभर माती

आपल्या भाषेने मातीला फारशा मानाने वागविलेले नाही. हाती घेतलेल्या कामाचा नाश झाला म्हणजे त्याची माती झाली असे आपण म्हणतो. कवडीच्या किमतीला विकलेली वस्तू मातीमोल ठरते, आणि एखाद्याने लाजिरवाणे कृत्य केले की त्याने माती खाल्ली असा शेरा आपण मारतो. घरी कोंकणी बोलणाऱ्या आम्हां मंडळींची तऱ्हाही ह्याहून निराळी नाही. परंतु हीच भाषा बोलणारा शेतकरी आपल्या जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो, हेही विसरता येत नाही. आमच्या गोव्यात ती बहुतेक ठिकाणी काळी नसून तांबडी आहे. आई मात्र तीच. ही आई एके ठिकाणी काळी आणि दुसऱ्या ठिकाणी तांबडी का, तिच्या पोटात काय आहे, आणि तिला किती जपावयास हवे, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विद्यार्थिमित्रहो, माती म्हणजे दगडाचा चुरा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. चांगल्या पिकाऊ जमिनीतील मातीचा एक ठोकळा जसाच्या तसा कापून काढला, तर आकारमानाने त्याचा सुमारे ४५ टक्के भाग खडकापासून झालेल्या खनिज कणांचा असतो. सुमारे ५ टक्के भाग कुजलेला पाला, मुळे आणि जीवजंतू ह्यांचा, म्हणजे सेंद्रिय द्रव्याचा असतो. राहिलेला निम्मा ठोकळा चक्क पोकळ असतो! त्या पोकळीत साधारण निम्मे पाणी आणि निम्मी हवा वस्ती करून असते. पाऊस पडला की पाणी पुढे येते व हवा मागे हटते. ऊन तापले की पाणी ओसरते व हवा परत येते. वनस्पतीची मुळेही श्वसन करतात, म्हणून बहुतेक पिकांना ही पोकळी हवीच. भातासारखे पीक पाण्यात उभे राहू शकते, कारण त्याच्या खोडात हवेच्या बारीक नलिका असतात व त्यांतून मुळांपर्यंत हवा पोहोचते. आता ज्या मातीवरून जड गाड्या फिरून ती दाबली गेली, तिच्यातील खनिज कण काही कमी होत नाहीत. कमी होते ती पोकळी. वजन तेच, रंग तोच, आणि तरीही तेथे गवताची काडी उगवत नाही. ह्यावरून मातीत जे ‘नाही’ तेही तिचा केवढा महत्त्वाचा भाग आहे, हे ध्यानात येईल.

खनिज कणांच्या आकारावरून मातीचा पोत ठरतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे २ मिलिमीटरपासून ०.०२ मिलिमीटरपर्यंतच्या कणांस वाळू म्हणतात, ०.०२ पासून ०.००२ मिलिमीटरपर्यंतचे ते गाळवट कण. आणि त्याहूनही बारीक असतील ते चिकणमातीचे कण. वाळूचा कण बोटांना खरखरीत लागतो. गाळवट माती पिठासारखी मऊ लागते. चिकणमाती ओली असता बोटांना चिकटते आणि तिची लांब वळी वळता येते. ह्या तिघांचे प्रमाण जेथे योग्य जमते, त्या जमिनीस आपले शेतकरी पोयट्याची जमीन म्हणतात व तिची मोठी वाखाणणी करतात.

कणांच्या आकाराला एवढे महत्त्व का, हे एका सोप्या गणितावरून समजेल. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. त्याच घनाचे एक मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांच्या पृष्ठभागांची बेरीज ६० चौरस सेंटिमीटर होते. आणि त्याचे ०.००२ मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर ती बेरीज ३०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३ चौरस मीटर होईल! साखरेच्या खड्याएवढा तुकडा, पण त्याचे अंग एखाद्या मोठ्या चटईएवढे. पाणी आणि वनस्पतींची अन्नद्रव्ये कणांच्या पृष्ठभागालाच धरून राहतात. म्हणून वाळूतून पाणी पाहता पाहता निघून जाते, तर चिकणमाती ते घट्ट धरून ठेवते. कधी कधी इतके घट्ट, की मुळांनाही ते सुटत नाही.

पोत हा मातीचा जन्मजात गुण होय. शेतकऱ्याला तो सहसा बदलता येत नाही. परंतु हे कण एकमेकांशी कसे बांधले गेले आहेत, म्हणजे मातीची घडण कशी आहे, हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. शेणखत, पालापाचोळा आणि गांडुळांचा वावर ह्यांमुळे कण एकत्र येऊन त्यांचे लहान लहान रवाळ गोळे बनतात. अशी माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोट लावताच तो सहज फुटतो. उलट, चिकण जमीन भलत्याच ओल्यात नांगरली की तिची घडण मोडते व वाळल्यावर विटेसारखी ढेकळे निघतात. पोत हा शब्दांसारखा आहे आणि घडण ही वाक्यरचनेसारखी. शब्द तेच असूनही रचना बिघडली की अर्थ हरपतो, हे भाषेच्या तासाला तुम्ही नित्य ऐकतच असता!

ह्या बाबतीत प्रत्येकाने घरी करून पाहावा असा एक प्रयोग आहे. काचेची एक उभट बरणी घ्या. तिचा तिसरा हिस्सा भरेल इतकी माती, खडे वेचून काढून, तीत घाला. बरणी पाण्याने जवळजवळ भरा, चिमूटभर धुण्याचा सोडा टाका, झाकण लावून पाचसात मिनिटे जोराने हलवा आणि मग बरणी एका जागी ठेवून द्या. दहा सेंटिमीटर खोल पाण्यात वाळू चारपाच मिनिटांत तळाशी बसते. गाळवट कणांना बसावयास सुमारे आठ तास लागतात. चिकणमातीचे कण त्यानंतरही पाणी गढूळ ठेवतात आणि एकदोन दिवसांनी हळूहळू वर थर धरतात. पाला आणि मुळ्यांचे तुकडे पाण्यावर तरंगतात. तीनही थर पट्टीने मोजले म्हणजे तुमच्या अंगणातील मातीचा पोत तुमच्या वहीत उतरला. ह्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही आणि एक पैशाचा खर्चही नाही.

बरणीतील थर मात्र आपण दोन दिवसांत बनविले. भूमीतील थर निसर्गाने युगानुयुगे बनविलेले असतात. ते पाहावयाचे असतील तर नवी विहीर खणली जात असेल तेथे, किंवा रस्त्यासाठी डोंगर उभा कापला असेल तेथे जावे. सर्वांत वर अर्धवट कुजलेल्या पानांचे पातळ पांघरूण असते. त्याखाली गडद रंगाची, भुसभुशीत, मुळ्यांनी विणलेली माती असते. हा वरचा थर बहुधा वीत-दोन वीतच जाड असतो आणि पिकाचे बहुतेक अन्न ह्यातच असते. त्याच्या खालचा थर अधिक घट्ट असतो; वरच्या थरातून पावसाने धुऊन खाली आणलेले बारीक कण व क्षार येथे साचलेले असतात. त्याखाली अर्धवट झिजलेला खडक, म्हणजे आपला मुरूम. आणि सर्वांत खाली मूळ खडक. शास्त्रज्ञ ह्या थरांस क्रमाने अक्षरे देऊन ओळखतात. रशियन शास्त्रज्ञ वासिली दोकुचाएव ह्यांनी १८८३ साली आपल्या देशातील काळ्या मातीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि माती हा एक स्वतंत्र नैसर्गिक पदार्थ आहे, ह्या विचाराचा पाया घातला. मूळ खडक, हवामान, सजीव, भूमीचा चढउतार आणि काळ हे पाच जण मिळून माती घडवितात, असे त्यांचे प्रतिपादन होते. आजचे मृदाशास्त्र त्याच पायावर उभे आहे.

ह्या पाचांपैकी एकट्या हवामानाचा प्रभाव किती जबर असतो, ह्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याने दख्खनचा विस्तीर्ण प्रदेश झाकून टाकला. त्या लाव्ह्याचा थिजून झालेला काळा खडक म्हणजे बेसाल्ट. महाबळेश्वरचा डोंगर ह्याच खडकाचा आहे, आणि तेथून निघालेली कृष्णा पुढे सांगलीवरून बेळगाव जिल्ह्यातील अथणीकडे जाते, तो प्रदेशही ह्याच खडकाचा. परंतु महाबळेश्वरच्या माथ्यावर तांबडा जांभा दगड आणि तांबडी माती, तर खाली कृष्णाकाठी दाट काळी माती! खडक एक आणि लेकरे दोन रंगांची, असे का व्हावे? उत्तर पावसात आहे. महाबळेश्वरी वर्षाला पाच मीटरहून अधिक पाऊस कोसळतो. अथणीकडे तो पाऊण मीटरही पडत नाही.

जेथे पाऊस अतिशय आणि हवा उष्ण, तेथे पाणी खडकातील चुना, मॅग्नेशियम, पोटॅश व पुष्कळशी सिलिका विरघळवून वाहून नेते. मागे उरतात ती लोह आणि ॲल्युमिनियम ह्यांची न विरघळणारी संयुगे. जुन्या खिळ्यावर चढतो तो गंजाचा तांबडा रंग आणि आपल्या डोंगरांचा तांबडा रंग, हे एकाच कुळातले. अशा रीतीने धुऊन निघालेल्या भूमीत जांभा तयार होतो. फ्रान्सिस बुकानन ह्या प्रवाशाने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात मलबारातील अंगाडिपुरम येथील अशाच दगडाचे वर्णन करून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लाटर’ म्हणजे वीट. नाव अगदी योग्य पडले आहे, कारण जमिनीतून काढताना हा दगड हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. आमच्या घरांचे, देवळांचे आणि चर्चांचे चिरे ह्याच दगडाचे.

जेथे पाऊस बेताचा, तेथे चुना व मॅग्नेशियम वाहून न जाता मातीतच राहतात आणि एका विशेष जातीची चिकणमाती तयार होते. ती ओली झाली की फुगते व वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या खोल भेगा ह्यामुळेच. वरची माती त्या भेगांत पडते, पावसाने भेगा मिटतात, आणि अशा प्रकारे ही जमीन आपणच आपली उलथापालथ करीत राहते. तिचा रंग पाहून ती सेंद्रिय द्रव्याने ओतप्रोत असेल असे वाटते. पण तसे बहुधा नसते. तिचे सामर्थ्य पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवण्यात आहे.

आता आमच्या गोव्याकडे वळू. येथील खडक मुख्यत्वे दख्खनच्या लाव्ह्याहूनही फार प्राचीन आहेत. बेसाल्ट सापडतो तो ईशान्येकडे, सत्तरीच्या बाजूला. परंतु वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस सर्वांवरच पडतो, म्हणून जांभा सर्वत्र. डोंगरमाथ्याच्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ असतो, की पावसाळ्यात तेथे तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात, आणि पाऊस सरला की सडा पुन्हा उघडाबोडका दिसतो. उतारावर बांध घालून केलेली शेती ती मोरड. तिच्या खालची, रेताड मातीची, हाताशी पाणी असलेली शेते म्हणजे खेर. आणि अगदी तळाशी, नदीच्या भरतीच्या पाण्याहूनही सखल असलेली, बांधांनी राखलेली जमीन म्हणजे खाजन.

खाजन हे मानवी बुद्धीचे एक मोठे नवल होय. डोंगरावरून शतकानुशतके वाहून आलेला बारीक गाळ मांडवी-जुवारीच्या खाड्यांत साचला. आपल्या पूर्वजांनी चिखलाचे व चिऱ्यांचे बांध घालून ही जमीन समुद्रापासून सोडवून घेतली. बांधाला मानस ठेवली, म्हणजे लाकडी दारांचे पाण्याचे द्वार. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच रेट्याने दार मिटते, आणि ओहोटी लागली की आतले पाणी ते उघडून बाहेर पडते. पावसाचे पहिले पाणी मातीतील मीठ धुऊन नेते आणि मग कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात तेथे लावले जाते. बांध एकदा फुटला आणि वेळीच बुजविला गेला नाही, तर खारे पाणी आत ठाण मांडते, भात जाते, आणि काही वर्षांत तेथे खारफुटीचे रान माजते. सड्यापासून खाजनापर्यंत हे एकच सूत्र आहे. वरच्याने सोडलेले खालच्याने धरावयाचे आणि सर्वांनी मिळून ते समुद्राच्या हाती जाऊ द्यावयाचे नाही.

मातीचा वरचा थर कसा बनतो, ह्याचा अभ्यास करण्यात चार्ल्स डार्विनसारख्या थोर शास्त्रज्ञाने पुष्कळ वर्षे घालविली. १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी गांडुळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी, दर वर्षी, दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब त्यांनी मांडला. गांडूळ तरी डोळ्यांना दिसते. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंची संख्या कोटींच्या घरात असते. हेच जीव पाने कुजवून वनस्पतींना पुन्हा अन्न देतात. ह्या सर्वांच्या अखंड श्रमानंतरही एक सेंटिमीटर माती तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात.

आणि ती जावयास किती वेळ लागतो? एका हेक्टरवरची एक सेंटिमीटर माती म्हणजे १०० घनमीटर. वजनाने सुमारे १३० टन. दहा टन नेणाऱ्या तेरा मालमोटारी भरतील इतकी ती होते. पण उतारावरचे झाडझाडोरे तोडले असेल, तर एवढी माती दोनचार पावसाळ्यांत, कधी एकाच पावसाळ्यात, निघून जाते आणि शेजाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही. कारण एक सेंटिमीटर म्हणजे जेमतेम बोटभर रुंदी. पावसाळ्यात आमच्या नद्या तांबड्या होतात, तेव्हा त्यांतून कोणाची तरी शेते समुद्राकडे चाललेली असतात.

ह्याहून वेगळी, आणि आमच्या मते अधिक चिंतेची, गोष्ट आज आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. डोंगर कापला जातो आणि त्यातून निघालेली तांबडी माती खालच्या भातशेतात भराव म्हणून ओतली जाते. डिचोली, सांगे ह्या खाणींच्या भागांत तर टाकाऊ मातीच्या ढिगांवरून आलेला गाळ शेतांत पसरल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत. पाहणाऱ्याला वाटावे, मातीवर मातीच तर पडली, त्यात काय बिघडले? परंतु वर जे विवेचन केले ते ध्यानात ठेवले, तर काय बिघडले ते स्पष्ट दिसेल. डोंगराच्या पोटातील माती ही खालच्या थराची माती. तीत पालापाचोळा नाही, गांडुळे नाहीत, रवाळ घडण नाही. पावसाने तिच्यातील चुना व पोटॅश कधीच धुऊन नेले आहेत. ती ज्या वीतभर काळपट चिखलावर पडते, तो मात्र शेकडो वर्षांच्या शेणखताचा, पानांचा आणि माणसांच्या घामाचा असतो. म्हणजे एका घावात दोन ठिकाणची भूमी जाते. डोंगराचे पांघरूण जाते, आणि शेताची सुपीक कूस गाडली जाते. मातीचे वजन कोठेही कमी झालेले नसते. मोडलेला असतो तो थरांचा क्रम. आणि क्रम मोडला की माती शिल्लक राहते, शेत राहत नाही.

घरे नकोत, रस्ते नकोत, असे आमचे म्हणणे नाही. राहावयास घर सर्वांनाच हवे. परंतु पाया खणताना वरची वीतभर माती वेगळी काढून ठेवता येते आणि ती परसात, कुळागरात, शाळेच्या बागेत पसरता येते. उतारावर गवत व झुडपे राखता येतात. परसातील पालापाचोळा जाळण्याऐवजी माडाच्या आणि पोफळीच्या मुळाशी घालता येतो. कुळागरे राखणारी आपली वडीलधारी मंडळी तो पूर्वीपासून घालीत आलीच आहेत. आपल्या शेताच्या मातीत काय कमी आहे हे पाहावयाचे असेल, तर केंद्र सरकारने २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केलेली आहे. घरच्या शेतकऱ्यांना तिची माहिती देण्याचे काम तुम्हां मुलांना सहज करता येईल.

दरवर्षी ५ डिसेंबर हा दिवस जागतिक मृदा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, आणि ती व्हावीत. पण आमची सूचना अशी आहे, की तत्पूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या वाड्यावरील मातीची एक बरणी वर सांगितल्याप्रमाणे तयार करावी व तिच्यावर गावाचे नाव लिहून ती वर्गात आणावी. सड्याची, मोरडीची, खेराची आणि खाजनाची अशा बरण्या एका रांगेत मांडल्या, म्हणजे डोंगरापासून खाडीपर्यंतचा आपला सारा प्रदेश एका बाकावर उभा राहील. तो पाहून झाल्यावर मातीमोल ह्या शब्दाचा अर्थ काय लिहावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते तो शब्द अनमोल ह्याच्या शेजारी लिहावयास हरकत नाही.